फायनान्समधून समाजाच्या डेटाकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँक, विमा, गुंतवणूक, ऑडिट अशा ठिकाणी वर्षानुवर्षं आकड्यांत घालवलेली माणसं मला हे प्रश्न विचारतात. छोट्या संस्था, सहकारी गट, दवाखाने, वाचनालयं, भाडेकरूंच्या संघटना यांना डेटाच्या कामात मदत करणारा स्वतःचा व्यवसाय काढावा, असं त्यांच्या मनात असतं. मी कर्जाच्या जोखमीचं मोजमाप करत होते आणि ते सोडून या कामात आले. काही प्रश्नांना दोन वाक्यं पुरली, काहींना पुरली नाहीत.

या व्यवसायात दिवसभर करतात तरी काय?

बराचसा वेळ आधीच गोळा झालेली माहिती वापरण्याजोगी करण्यात जातो. संस्थांकडे नोंदींची कमतरता नसते. हजेरीपट असतात, अर्ज असतात, कपाटात पडलेले सर्वेक्षणाचे फॉर्म असतात, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याने बनवलेल्या आणि आता कुणालाच न उलगडणाऱ्या स्प्रेडशीट असतात. एकच व्यक्ती तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली असते. हे जुळवायचं आणि मग संस्थेला जे ठरवायचं आहे त्याच्याशी जोडायचं. दवाखाना संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा ठेवावा का? प्रशिक्षण अर्धवट सोडणारे नेमके कोणत्या टप्प्यावर सोडतात? बचत गटातल्या कुणाला कर्ज मागायचाच संकोच वाटतो? मॉडेल, आलेख, डॅशबोर्ड हे सगळं त्यानंतर येतं आणि कित्येकदा त्याची गरजच पडत नाही.

फायनान्समध्ये शिकलेलं इथे खरंच उपयोगी पडतं का?

पडतं, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. पण ज्याचा आपल्याला अभिमान असतो ते नव्हे, साधं असतं ते. ताळमेळ घालण्याची सवय घ्या. दोन नोंदवह्यांतली बेरीज जुळत नसेल तर झोप न येणारा माणूस संस्थेला फार मोलाचा असतो. प्रत्येक आकड्याचा माग काढता आला पाहिजे, हा ऑडिटमधला आग्रहही तसाच.

कर्जाच्या कामातली एक पद्धत तर जशीच्या तशी चालते. एका तिमाहीत दिलेली सगळी कर्जं एक गट धरायची आणि त्या गटाचं पुढे काय होतं ते महिन्यामागून महिना पाहायचं. प्रशिक्षणाच्या तुकड्यांना, आश्रयगृहातून बाहेर पडलेल्या कुटुंबांना हीच पद्धत लावली की 'यंदा एकूण किती लाभार्थी' या आकड्याखाली दडलेलं बरंच काही वर येतं. एकूण संख्या वाढत असते आणि नव्या तुकड्या मात्र जुन्यांपेक्षा लवकर गळत असतात, असंही दिसतं.

साधनांचं नातं तर आणखी जवळचं. पायथन भाषेत डेटा हाताळायला जगभर वापरली जाणारी पांडाज ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एक्यूआर कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूक कंपनीत काम करताना लिहायला घेतली आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. तुम्ही कामावर वापरलेली अवजारं इथेही तीच आहेत.

मग विसरावं काय लागतं?

ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा त्याला समोर न बसवता निर्णय घेण्याची सवय. माझ्या मते या सगळ्या स्थित्यंतरातली खरी अवघड गोष्ट एवढीच आहे.

पतमूल्यांकनात प्रश्न नेहमी कर्ज देणाऱ्याचा असतो: हा माणूस पैसे फेडेल का? त्या माणसाचे स्वतःचे प्रश्न, म्हणजे हे कर्ज मला झेपेल का, हप्त्याची तारीख माझ्या कमाईच्या दिवसाशी जुळते का, हे त्याच डेटात दडलेले असतात. पण ते विचारण्याचा पगार कुणाला मिळत नाही. आपल्या व्यवसायाने हे उलटं करायचं आहे. ज्यांची माहिती आहे, पहिला प्रश्न त्यांचा.

याची किंमत इतिहासात मोजलेली आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. सर्वात खालची श्रेणी लाल रंगाची, 'धोकादायक'. मूल्यांकनाच्या फॉर्मवर रहिवाशांच्या वंशाचीही नोंद होती आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ नेहमी लाल रंगातच गेल्या. जोखमीचं मोजमाप म्हणून ते काम व्यवस्थित, नीटनेटकं होतं. लाल पट्ट्यात राहणाऱ्यांना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

याच कहाणीचा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकागोत गेल सिंकोटा यांच्यासारख्या वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी मागणी लावून धरली की बँकांनी घरकर्जं कुठे दिली ते जाहीर करावं. १९७५ मध्ये तसा कायदा झाला आणि १९७७ मध्ये ज्या भागातून ठेवी घेता तिथल्या कर्जाच्या गरजाही भागवा असं बँकांना सांगणारा दुसरा कायदा आला. कर्जाचा तोच डेटा आता वस्तीच्या हातात होता आणि बँकेला प्रश्न विचारत होता.

असं आधी कुणी केलं आहे का?

हो. गणितज्ञ कॅथी ओ'नील प्राध्यापकी सोडून डी. ई. शॉ या हेज फंडात, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपनीत, गेल्या, २००८ चं आर्थिक संकट त्यांनी आतून पाहिलं, तिथून बाहेर पडल्या आणि पुढे अल्गोरिदमचं ऑडिट करणारी सल्लागार कंपनी काढली. स्वयंसेवी मार्गानेही काम चालतं. २०११ मध्ये सुरू झालेली डेटाकाइंड ही संस्था डेटातल्या तज्ज्ञांना सामाजिक संस्थांशी जोडून देते.

'समाजाला सोबत घेऊन' म्हणजे नक्की काय? सर्वेक्षण केलं की झालं ना?

नाही. सर्वेक्षणात लोक उत्तरं देतात, प्रश्न आपलेच राहतात.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणं पाहून एका पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं, हे डेटाच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच भागातल्या चर्चचे तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांचं नाव फार कमी जणांना माहीत असतं. त्यांना स्नो यांचं म्हणणं सुरुवातीला पटलं नव्हतं. पण त्यांना घराघरातली माणसं ओळखत होती, दार उघडत होती, कोण कोणतं पाणी प्यायलं हे सांगत होती. हे सगळं टिपता टिपता त्यांचं मत बदललं, आणि साथीची सुरुवात ज्या तान्ह्या बाळाच्या आजारापासून झाली असावी ते घरही त्यांनीच शोधलं. ते पंपाशेजारीच होतं. स्नो यांची पद्धत आणि व्हाइटहेड यांची ओळख, दोन्ही मिळून पुरावा पक्का झाला.

आपल्या कामात याचा अर्थ असा की वस्तीतल्या, गटातल्या माणसांना अंदाजपत्रकातच जागा ठेवायची. प्रश्न ठरवायला ते बसतात, फॉर्मची भाषा तेच तपासतात, पहिले आकडे आले की 'हे खरं वाटतं का?' हे त्यांनाच विचारायचं. आणि त्या वेळेचे त्यांना पैसे द्यायचे. आपल्या तासाला दर आहे आणि त्यांच्या तासाला फक्त आभार, ही व्यवस्था मला मान्य नाही.

नोकरी कधी सोडावी?

फायनान्समधल्या माणसाला रोकड प्रवाह कळतो, तरी स्वतःच्या बाबतीत तो बिल पाठवल्याच्या तारखेवर हिशेब मांडतो. पैसे हातात पडल्याच्या तारखेवर मांडा. छोट्या संस्थेचा पैसा बहुधा अनुदानावर चालतो. अनुदानाचा हप्ता अडकला की तुमचं बिलही अडकतं, आणि त्यात कुणाचीही नियत वाईट नसते. घरखर्च, विमा, चालू कर्जाचे हप्ते धरून एक वर्ष काहीही मिळकत नसताना निभेल इतकी तजवीज असावी असं मी सुचवते. घरात दुसरी स्थिर कमाई असेल तर थोडी कमी चालेल.

राखून ठेवलेला बोनस, अजून नावावर न झालेले शेअर, नोटीस पीरियड यांच्या तारखा कागदावर लिहून काढा. थोडं थांबून मोठी रक्कम मिळत असेल तर थांबावं, त्यात कमीपणा काही नाही. मात्र पुढच्या बोनसनंतर, मग त्याच्या पुढच्यानंतर, असं पाचव्यांदा म्हणत असाल तर प्रश्न पैशांचा राहिलेला नाही.

शक्य असेल तर नोकरीत असतानाच एक छोटं, पैसे घेऊन केलेलं काम पूर्ण करा. कंपनीच्या करारात बाहेरच्या कामाला परवानगी लागते का ते आधी पाहा आणि लागत असेल तर लेखी घ्या.

जुन्या कंपनीतून काय सोबत नेता येतं?

डोक्यात आहे तेवढं. फाइल, कोड, मॉडेल, ग्राहकांची यादी, यातलं काहीही नाही, 'नमुना म्हणून' सुद्धा नाही. ज्यांच्या माहितीचे राखणदार होण्यासाठी तुम्ही व्यवसाय काढता आहात, त्यांना तुमच्याबद्दल पहिली खात्री इथूनच मिळते.

संस्थांकडे पैसे नसतात. मग दर कसे ठरवायचे?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त पत्रं येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी स्वतःचा खरा खर्च काढा. आठवड्यातले सगळे तास विकता येत नाहीत. प्रस्ताव लिहिणं, भेटी, हिशेब, शिकणं यात निम्म्याच्या आसपास वेळ जाईल असं धरून चाला. म्हणजे पगाराला तासांनी भागून आलेला दर साधारण दुप्पट करावा लागतो, वर कर आणि विमा. हा आकडा पहिल्यांदा पाहून अपराधी वाटतं. वाटू देऊ नका. तुमचा व्यवसाय दोन वर्षांत बंद पडला तर ज्यांच्या नोंदी तुम्ही अर्ध्यावर लावल्यात त्यांचं नुकसान तुमच्यापेक्षा जास्त होतं.

शक्य तिथे तासांऐवजी कामावर दर लावा. 'नोंदी एकत्र करणं आणि दोन कर्मचाऱ्यांना शिकवणं, इतके पैसे.' छोट्या संस्थेला घड्याळाची भीती वाटते. फोन केला तर बिल वाढेल म्हणून ती फोन करत नाही, आणि न विचारलेल्या शंकांमधूनच डेटा बिघडतो.

ज्यांची ऐपत आहे, म्हणजे मोठे न्यास, विद्यापीठं, नगरपालिका, त्यांच्याकडून पूर्ण दर घ्या आणि त्यातून छोट्यांना सवलत द्या. सवलत बिलावर दिसू द्या: पूर्ण दर अमुक, सवलत तमुक. यामुळे संस्थेला पुढच्या अनुदानाच्या अर्जात या कामाची खरी किंमत लिहिता येते. कामाचं मोल लपवणारी सवलत देणगीदारांच्या मनात चुकीचा आकडा रुजवते, आणि तो पुढच्या सगळ्यांना छळतो.

'अनुदान मिळालं तर त्यातला टक्का देतो' असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. निधी उभारणाऱ्यांच्या व्यावसायिक आचारसंहितांमध्ये टक्केवारीवर मोबदला घेणं निषिद्ध मानलं जातं, आणि कारण उघड आहे: आकडे चांगले दिसण्यात तुमचाच हितसंबंध तयार होतो.

पूर्ण फुकट काम? एखाद्या गटासाठी, ठरवून, शेवटची तारीख लिहून, जरूर करा. पण फुकट कामात संस्थेला तक्रार करण्याचा हक्क उरत नाही, आणि तो हक्क त्यांना असायला हवा.

कंपनी काढू, सहकारी संस्था की ना-नफा?

स्थानिक कायदा जाणणाऱ्या माणसाला विचारा. माझं मत एवढंच की अनुदानासाठी आपल्याच क्लायंटशी स्पर्धा करावी लागणार असेल तर ना-नफा होऊ नये. साधी कंपनी काढूनही सामाजिक उद्देश तिच्या नियमावलीत लिहिता येतो. सोबत काम करणारे सगळेच भागीदार असावेत असं वाटत असेल तर सहकाराचा पाया इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ मध्ये निघालेल्या सहकारी संस्थेपासून आजमावलेला आहे: एक सभासद, एक मत.

कोणती साधनं वापरावीत?

तुम्ही गेल्यावर संस्थेतलं कुणीतरी उघडू शकेल अशी. अनेकदा ती स्प्रेडशीटच असते, फक्त नीट आखलेली: एका ओळीत एक नोंद, एका रकान्यात एकच गोष्ट, रंगांमध्ये अर्थ लपवलेला नाही. त्यापुढे विश्लेषणासाठी आर किंवा पायथन, डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल, नकाशांसाठी क्यूजीआयएस, फॉर्मसाठी कोबोटूलबॉक्स. यातली बहुतेक साधनं परवाना शुल्काशिवाय मिळतात.

साधनापेक्षा काम उघड ठेवणं महत्त्वाचं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या, सरकारी कर्ज फार वाढलं की देशाची आर्थिक वाढ मंदावते असं सांगणाऱ्या २०१० च्या शोधनिबंधाचा आधार कर्जबाजारी देशांच्या काटकसरीच्या धोरणांसाठी घेतला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून मूळ स्प्रेडशीट मागून घेतली आणि त्यात सरासरी काढताना पाच देश सुटल्याचं दाखवलं. आणखीही काही आक्षेप होते. ते दुरुस्त केल्यावर फार कर्ज असलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्क्यांवर आली. फाइल मागितल्यावर मिळाली, म्हणून हे कळलं. आपल्या प्रत्येक अहवालाची फाइल क्लायंटकडे असलीच पाहिजे.

नावं काढून टाकली की माहिती सुरक्षित झाली ना?

झाली नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी नावं काढून संशोधनासाठी दिलेला रुग्णालयीन डेटा मतदार यादीशी जोडला आणि मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांचीच नोंद शोधून काढली. पुढे त्यांनी अंदाज मांडला की पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांची ओळख पटू शकते.

छोट्या समूहात तर याहून कमी पुरतं. 'पन्नाशीपुढची, एकटी राहणारी, अमुक व्यवसाय करणारी स्त्री' एवढं लिहिलं की तिथल्या प्रत्येकाला नाव कळतं. म्हणून तक्त्यात फार लहान संख्या आली की ती दाखवू नका, दोन गट एकत्र करा. मोकळ्या उत्तरांचे रकाने स्वतः वाचून काढा, कारण लोक तिथे विश्वासाने सगळं लिहितात. जन्मतारखेऐवजी वयोगट पुरत असेल तर जन्मतारीख विचारूच नका. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही.

सुरक्षिततेच्या पुढे मालकीचा प्रश्न आहे. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स या मूळनिवासी समुदायांनी १९९८ पासून आपल्या माहितीबद्दल चार हक्क ठामपणे मांडले: मालकी, नियंत्रण, पाहण्या-वापरण्याचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा. मी प्रत्येक करार लिहिताना या चार शब्दांपुढे एकेक वाक्य लिहिते. डेटा कुणाचा, कोण नाही म्हणू शकतं, कोण पाहू शकतं, तो कुठे ठेवला आहे. एखाद्या वाक्याशी अडखळायला झालं की करार तयार नाही असं समजायचं.

देणगीदाराला चांगला निकाल हवा असतो. तेव्हा?

तेव्हा तुमचा फायनान्सचा अनुभव कामी येतो, कारण तिमाही निकालाचं दडपण तुम्ही पाहिलेलं आहे. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मौद्रिक धोरणाबद्दल जे मांडलं ते इथेही लागू होतं: एखाद्या मापावर नियंत्रणासाठी दाब दिला की ते माप विश्वासार्ह राहत नाही. किती जणांना काम मिळालं यावर पैसे ठरले की ज्यांना तसंही काम मिळालं असतं त्यांनाच प्रवेश दिला जातो. कुणी खोटं बोलत नाही, तरी आकडा खोटा होतो.

आणखी एक सापळा. सगळ्यात कमी गुण मिळालेल्या मुलांना निवडून शिकवलं आणि पुढच्या परीक्षेत त्यांचे गुण वाढले, तर त्यातला काही भाग शिकवण्याशिवायही वाढलाच असता. टोकाला असलेली मापं दुसऱ्यांदा मोजली की सरासरीकडे सरकतात. हे क्लायंटला निकालानंतर सांगणं क्रूर ठरतं. मोजणी सुरू होण्याआधीच सांगा, आणि तुलनेसाठी गट कुठून आणायचा ते तेव्हाच ठरवा. निकाल काहीही आला तरी संस्थेला पूर्ण अहवाल मिळेल आणि त्यातला सोयीचा तुकडा आमच्या नावाने छापता येणार नाही, हे कलम करारात असावं.

अहवाल कसा द्यावा?

ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी. कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांसह कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जमिनी, शिक्षण, व्यवसाय यांचे साठएक आलेख हाताने रंगवले. ते पाहताना एक गोष्ट लगेच जाणवते: हे कुणी बाहेरून मोजलेलं नाही. जाडजूड पीडीएफपेक्षा भिंतीवर लावता येईल असं एक पान आणि त्याभोवती तासभर चर्चा, याने जास्त निर्णय बदललेले मी पाहिले आहेत.

एआय आल्यावर या कामाची गरज राहील का?

फायली साफ करणं, कोड लिहिणं सोपं झालं आहे आणि ते चांगलंच झालं. लाभार्थ्यांची माहिती बाहेरच्या सेवेत टाकण्याआधी मात्र त्यांची संमती आणि करार दोन्ही तपासा. कोणता प्रश्न विचारायचा यावर गटाचं एकमत घडवणं, ते काम आहे तसंच आहे.

कोणतं काम नाकारावं?

ज्यात लोकांची यादी बनवून ती त्यांना न सांगता तिसऱ्याला द्यायची आहे. ज्यात निर्णय आधीच झाला आहे आणि फक्त आलेख हवे आहेत. आणि ज्याचं उत्तर मिळालं तरी कुणीही काहीही बदलणार नाही, असं पहिल्याच भेटीत दिसतं ते.

त्या पहिल्या भेटीत विचारायचं तरी काय?

लॅपटॉप बंद ठेवा. आलेख, जुनी कामं काही दाखवू नका. विचारा: येत्या सहा महिन्यांत तुम्हाला कोणती गोष्ट ठरवायची आहे? आत्ता ती कशावरून ठरवता? आकडा तुमच्या अंदाजाच्या उलट आला तर काय वेगळं कराल? नोंदी कोण ठेवतं, आणि ती व्यक्ती आज या खोलीत आहे का? बहुतेक वेळा ती खोलीत नसते. पुढची भेट तिच्या टेबलाशी ठरवा.